गराडूचे दिवस आणि दादाच्या पेशी

उज्जैनला देवास गेटाशी गराडूच्या कढया लागल्यात. परवा वहिनींची बीपीची गोळी आणायला गेलो होतो, ती राहिली बाजूला, मी आपला गाडीसमोर उभा. तेल, काळं मीठ, आमचूर आणि वरून पिळलेलं लिंबू. ज्यांनी माळव्यातला हिवाळा पाहिला नाही त्यांना सांगून काय कळणार म्हणा, तरी सांगतो. गराडू म्हणजे जमिनीत वाढणारा एक कंद. वेडावाकडा, गाठीगाठींचा, मातीच्याच रंगाचा. सोलताना हाताला अशी खाज सुटते की सोलणारा माणूस त्याला शिव्या घालतो आणि खाताना तोच माणूस पानाचा दुसरा दोना मागतो. थंडी पडली की येतो, होळीच्या आगेमागे जातो. मी दोना घेतला, एक फोड तोंडात घातली आणि दोना खाली धरला. गाडीवाला म्हणाला, "क्या हुआ बाबूजी, मिर्च तेज है?" मी म्हटलं, "हौ भैया, तेज है." असं म्हटलं की डोळ्यांतल्या पाण्याचं कारण द्यावं लागत नाही.

गराडू ही दादाची भक्ती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत गणित शिकवायचा आणि गराडू निवडतानाही गणितच करायचा. कंद हातात घेऊन तोलायचा, नखाने साल खरवडून आत पांढरा आहे की लालसर ते बघायचा, भाजीवालीशी वाद घालायचा. "भाबी, ये अंदर से लाल है, ये तो मैं शर्त लगा के कहता हूँ." घरी आला की सोलायचं काम माझ्याकडे, तळायचं त्याच्याकडे. मी घाईने कढईत हात घालायला गेलो की माझ्या मनगटावर झारा आपटायचा. "नंद्या, गराडू दोनदा तळायचा असतो. एकदा शिजायला आणि एकदा खायला. दम धर." मी पुढे आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं, पण दम धरायला पहिल्यांदा त्या कढईपाशी शिकलो. फार शिकलो असं मात्र नाही.

आमचा कुणी खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आला आणि आम्ही उज्जैनचेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. त्या घराण्यातून गाव सोडून पुण्याला गेलेला मी पहिला. तिथल्या एका संशोधन संस्थेत बत्तीस वर्षं गाठींवर काम केलं. दादाला याचा केवढा अभिमान! गल्लीत सगळ्यांना सांगायचा, "हमारा नंदू कैंसर का डॉक्टर है." मी कपाळावर हात मारायचो. "अरे दादा, मी माणसांचा डॉक्टर नाही रे. मी बाटल्यांचा डॉक्टर." तो म्हणायचा, "एकच ते." मग दर दिवाळीत मी आलो की ओट्यावर रांग. कुणाच्या सासूचा रिपोर्ट, कुणाच्या मेव्हण्याची फिल्म. "डॉक्टर साब, जरा देख लो." मी काय बघणार? वाचायचो, तोंड गंभीर करायचो आणि म्हणायचो, इंदूरला दाखवा. हे सांगायला बत्तीस वर्षं कशाला लागतात?

माझं काम काय होतं ते एका वाक्यात सांगतो. आपल्या शरीरातल्या पेशीला, तिचे दिवस भरले की, "बाई, आता पुरे, जा" असं सांगणारी प्रथिनं असतात. त्यातलं एक माझं. माझं म्हणजे मी त्याच्यामागे लागलेलो. गाठीतल्या पेशी त्याचं ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत, कुठे कान बंद करून बसतात, एवढंच मी शोधत होतो. काचेच्या पेटीत, अंगाच्या उबेइतक्या उबेत, चपट्या पारदर्शक फ्लास्कमध्ये गुलाबी पाण्यात त्या पेशी वाढायच्या. ते गुलाबी पाणी म्हणजे त्यांचं जेवण. दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. रविवार असो, गणपती असो, पेशींना सुट्टी कळत नाही. लग्न केलं नाही त्याचं कारण लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, एवढ्या जणींना जेवायला घालतो, आणखी एक कुठे? विनोद बरा होता. दादाला मात्र आवडायचा नाही.

दादा-वहिनींना मूल नव्हतं. यापेक्षा जास्त त्या दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही, मीही लिहीत नाही.

मग तो हिवाळा आला. गराडू नुकता बाजारात आला होता. दादाचं पोट बिघडलं, ते गराडूवर ढकललं गेलं, तेलावर ढकललं गेलं, हवेवर ढकललं गेलं. शेवटी तपासणी झाली. वहिनींनी मला फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला. इंग्रजी शब्द एकेक अक्षर सुटं करून वाचत होत्या. तिसऱ्या ओळीतच मला कळलं. मोठ्या आतड्यात गाठ, आणि यकृतावर ठिपके. त्या पुढे वाचतच होत्या, मी ऐकतच होतो. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, फिकर करण्यासारखं काही नाही ना? तुमच्याच लाइनचं आहे हे."

माझ्या लाइनचं! मी पुण्यातल्या माझ्या खोलीत उभा होतो, भिंतीवर माझ्या प्रथिनाचं रंगीत चित्र लटकत होतं. आयुष्यात कधी एवढा राग आला नव्हता कशाचा, तेवढा त्या चित्राचा आला.

उज्जैनला आलो. शस्त्रक्रिया करावीच लागणार होती, आतडं तुंबत चाललं होतं. पण तेवढ्याने दादा बरा होणार नव्हता, हे सर्जनला माहीत होतं आणि मलाही. तरी मला काहीतरी करायचंच होतं. हात बांधून बसायचं म्हणजे माझ्यासारख्याने करायचं काय? मी सर्जनशी बोललो, कागद तयार केले आणि दादाला म्हटलं, "तुझ्या गाठीचा एक छोटा तुकडा मी पुण्याला नेतो. त्यातल्या पेशी वाढवतो. त्यांच्यावर वेगवेगळी औषधं लावून बघतो, कुठलं लागू पडतं ते कळेल." असे तुकडे बहुतेक वेळा रुजतच नाहीत. रुजले तरी त्यात महिने जातात, आणि बाटलीत जे चालतं ते माणसात चालतंच असं नाही. हे सगळं मला पाठ होतं. त्यातलं मी काही बोललो नाही.

दादाला तर गंमतच वाटली. "किती दिवस जगतील त्या?"

"नीट सांभाळल्या तर माझ्यापेक्षा जास्त. आमच्याकडे माझ्याहून म्हाताऱ्या पेशी आहेत."

"म्हणजे मी गेल्यावरही तू मला जेवायला घालणार! ऐकलंस का गं?" तो वहिनींकडे वळून हसला. "आपली पोरं पुण्यात वाढणार. काकाकडे."

वहिनी हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या, शब्द न् शब्द.

आमच्याकडे घरातून कुणी लांब निघालं की हातावर दही देतात. परीक्षेला जा, गावाला जा, कोर्टात जा, उंबऱ्याशी थांबून तळहातावर चमचाभर दही घ्यायचं, चाटायचं, मग पाऊल उचलायचं. शस्त्रक्रियेच्या सकाळी वहिनी दह्याची स्टीलची डबी घेऊन आल्या होत्या. नर्सने दारातच अडवलं. "माताजी, पेशंट को कुछ नहीं देना. पानी भी नहीं." वहिनींनी डबी पुन्हा पिशवीत ठेवली. दादाला आत नेलं. तो आडवा पडल्या पडल्या हात हलवत होता, वहिनींचा एक हात पिशवीवर होता.

दुपारी आतून मला बोलावलं. गुलाबी पाण्याच्या नळीत वाटाण्याएवढा तुकडा. मी तो बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवला. नळीच्या झाकणावर एक पट्टी गुंडाळायची असते, घट्ट, म्हणजे हवा जात नाही. कोणी विद्यार्थी ती विसरला तर मी घर डोक्यावर घ्यायचो. तेवढ्यात सर्जनने आत काय काय दिसलं ते सांगायला हाक मारली. मी थर्मास वहिनींच्या मांडीवर ठेवला, "सांभाळा हं" म्हटलं आणि गेलो. परत आलो तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, थर्मासला उज्जैनच्याच भैरवगढच्या छाप्याचा रुमाल गुंडाळून. बर्फ वितळू नये म्हणून गुंडाळला असेल असं मला वाटलं. पट्टीची आठवण मला गाडी नागदा सोडून गेल्यावर झाली. बसल्या जागी थर्मास उघडून गुंडाळली.

पुण्यात तुकडा कापला, पेशी सुट्या केल्या, तीन फ्लास्कमध्ये लावल्या. माझी विद्यार्थिनी मृणाल मदतीला होती. जंतू वाढू नयेत म्हणून पाण्यात औषधं असतात, ती घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर तिन्ही फ्लास्क पिवळे. गढूळ. मायक्रोस्कोपखाली दादाच्या पेशी गोळा होऊन तरंगत होत्या, आणि त्यांच्या भोवती लहान लहान अंडाकृती ठिपके, एकेकाला कोंब फुटलेला. यीस्ट. जंतूंच्या औषधाला ते जुमानत नाही. फ्लास्क उघडला तर आंबूस वास. मला काय झालं कुणास ठाऊक, मी मृणालवर ओरडलो. "हात धुतले होतेस? ही काय तुझ्या हॉस्टेलची मेस आहे?" सगळ्यांसमोर. फ्लास्कमध्ये ब्लीच तिनेच ओतलं, मी पाठ करून उभा होतो.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन. आवाज खोल गेलेला, पण मिजास तीच. "काय म्हणतायत आपली पोरं?"

मी काय सांगायला हवं होतं? मी म्हटलं, "मजेत आहेत."

"खातायत ना?"

"बकासुरासारखी."

तो हसला, हसताना टाके दुखले, तरी हसला. मग रोजच विचारायचा. आणि मी रोज सांगायचो. आज एवढ्या झाल्या, आज दुसऱ्या फ्लास्कमध्ये घातल्या, एक औषध लावलंय, बघू. खोटं बोलायला लागलं की तपशील आपोआप सुचतात, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. केमोच्या सुया टोचून हात काळा पडला होता, तो हात कानाशी धरून माणूस माझ्या बाता ऐकत होता आणि त्याला बरं वाटत होतं.

मधे एकदा मी चार दिवस येऊन राहिलो. दादा भैरवगढची रजाई पांघरून उन्हात बसला होता. म्हणाला, "नंद्या, चार फोडी गराडू दे की रे. चारच." मी म्हटलं, तेलकट नको, आतडं अजून नाजूक आहे. मोठा शास्त्रज्ञ ना मी! तो म्हणाला, "बरं. पुढच्या वर्षी." त्याने मागितलं ते एवढंच. देऊन टाकायला हवं होतं हो. काय बिघडणार होतं? रंगपंचमीच्या आधी आठ दिवस तो गेला. तोवर गाड्यांवरचा गराडू संपला होता, मी एक दिवस वेड्यासारखा सगळ्या भाजीबाजारात हिंडून आलो, कुठेच मिळाला नाही.

पुढच्या वर्षी फाल्गुनात वर्षश्राद्धाला आलो. रामघाटावर गुरुजींनी सगळं यथासांग केलं. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो तेव्हा वहिनी उंबऱ्याशी दह्याची वाटी घेऊन उभ्या. माझ्या तळहातावर दही ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला सांगायचंच राहिलं. त्या दिवशी अस्पतालात मी ह्यांच्या त्या तुकड्यालाही दही दिलं होतं."

मी हात तसाच धरून उभा.

"ह्यांना तर देऊ दिलं नाही त्या नर्सने. मग म्हटलं, एवढ्या लांब निघालाय, ह्यांचाच आहे ना तो? कोरडा कसा पाठवू? तुम्ही आत होता. नळीचं झाकण फिरवलं आणि बोटाच्या टोकाने इतकुसं लावलं. फक्त टेकवलं. चाललं ना?"

सकाळचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं. एका वर्षात त्या पहिल्यांदा अशा दिसत होत्या, काहीतरी नीट पार पाडल्यासारख्या. मी काय बोलणार होतो? की वहिनी, त्या इतकुशाने सगळं नासलं? आणि ते तरी कुठे पूर्ण खरं होतं? नासलं नसतं तरी दादा वाचणार नव्हता. पट्टी मी वेळेवर गुंडाळली नव्हती. तुकडा मांडीवर ठेवून आत मी गेलो होतो. आशा मी दाखवली होती. त्यांनी फक्त दही दिलं होतं.

"चाललं की," मी म्हटलं, आणि हात चाटला.

"मग? अच्छ्या आहेत ना त्या?"

"एकदम."

असं ते चालू राहिलं. दर हिवाळ्यात मी आलो की वहिनी गराडू करायच्या, दोनदा तळून, आणि पहिला दोना माझ्यापुढे ठेवत विचारायच्या, "पुण्याचे सगळे ठीक?" म्हणजे पेशी. शेजारच्या शर्मा भाभींना त्यांनी सांगितलेलं मी कानांनी ऐकलंय: "हमारे ये अभी हैं पूना में. देवरजी देखभाल करते हैं." शर्मा भाभींनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी अंगणातल्या तुळशीला पाणी घालू लागलो, तिला सकाळीच घातलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि इथेच परतलो. वहिनी एकट्या, मी एकटा. निरोपाच्या समारंभात माझ्या प्रथिनाबद्दल चांगलं बोलले लोक. त्याच्यामुळे एखादा रुग्ण बरा झाला का, असं कोणी विचारलं नाही. आमच्या क्षेत्रात ते विचारायची रीत नाही. इथे आलो त्याच आठवड्यात वहिनींनी मात्र विचारलं, "आता तुम्ही इकडे. मग त्यांना कोण बघतं?" मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी आहे, मृणाल. आता तिचीच प्रयोगशाळा आहे. चांगली बघते. वहिनींनी तिच्यासाठी भैरवगढची चादर पाठवली. पत्ता मीच लिहून दिला, नाइलाजाने. मृणालने फोन करून विचारलं, सर, ही कशाबद्दल? म्हटलं, सांगेन कधीतरी.

या वर्षी वहिनींची तब्येत उतरली. हृदय. जिना चढवत नाही. पितृपक्षात पानं वाढताना एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक डोक्यात आलंय. हे अर्धे इकडून गेले आणि अर्धे तिकडे बाटलीत अडकलेत. मीच राहू दिलं त्यांना असं, माझ्या लोभापायी. हे बरोबर नाही ना?"

"तसं काही नसतं हो, वहिनी."

"तुम्ही सायन्सवाले, तुम्हाला नसेल. मला झोप येत नाही. मी जायच्या आत त्यांना इकडे घेऊन या. रामघाटावर सोडून देऊ. आता पुरे."

मी टाळलं. नवरात्र झालं, दिवाळी झाली. दर चार दिवसांनी विषय. कधी विचारायच्या, बाटलीला गाडीत थंडी लागेल का. गेल्या आठवड्यात चक्कर येऊन पडल्या, आणि डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य: "तिकीट काढलं का?" खरं सांगून टाकावं म्हणून मी दोनदा त्यांच्या खाटेशी बसलो. दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि औषधं घेतली का, असं विचारलं. पेशींनी कसं मरायचं ते मी शिकवत आलो, आणि एका मेलेल्या फ्लास्कबद्दल चार शब्द मला बोलता येईनात. दह्याचं सांगितलं तर त्या माणसाने उरलेले दिवस काढायचे कसे? आणि नाही सांगितलं तर त्यांचा नवरा अडकलेला.

परवा गराडूचा दोना तसाच टाकून घरी आलो आणि मृणालला फोन केला. सगळं सांगितलं, पिवळ्या फ्लास्कपासून. "दही?" ती म्हणाली, आणि हसू आलं तिला. मी म्हटलं, "तुझी चूक नव्हती. एवढी वर्षं मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

"सर, मला तेव्हाही माहीत होतं माझी नाही ते," ती म्हणाली. "पण तुमचा चेहरा असा होता की म्हटलं, राहू दे."

मग मी विचारलं, "एक फ्लास्क भरून देशील? नुसतं गुलाबी पाणी."

"पेशी कुठल्या घालू?"

"कुठल्याच नकोत."

"बरं," ती म्हणाली. "झाकणाला पट्टी मी लावते, सर."

आज पुण्याला निघालो. थर्मास तोच, रुमाल तोच, वहिनींनी काल धुऊन वाळत घातला होता. उठू नका म्हटलं तरी त्या भिंत धरून उंबऱ्यापर्यंत आल्या, शर्मा भाभींच्या हातात दह्याची वाटी. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या तळहातावर दही ठेवलं, माझी बोटं मिटली, आणि म्हणाल्या, "दोघं नीट या."

मी हो म्हटलं.